आवळायचं कसं आणि सोडायचं कसं: बायकांच्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम

शिंक येणार असं वाटताच पायावर पाय दाबून उभं राहायचं. एसटीत चढण्याआधी लागलेली नसली तरी ‘जाऊन येते’ म्हणायचं. लग्नाला निघताना पर्समध्ये जादाचं पॅड टाकायचं आणि साडी गडद रंगाचीच नेसायची. या सवयी इतक्या अंगवळणी पडतात की हे दुखणं आहे असं कुणाला वाटतच नाही. घरातल्या मोठ्या बायकाही ‘दोन बाळंतपणं झाली, एवढं चालायचंच’ म्हणून विषय मिटवतात. प्रत्यक्षात खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीवर ऑपरेशनचा विचार करण्याआधी व्यायाम हाच पहिला उपचार असतो. पण तो सांगितला जातो ‘केगल करा’ अशा दोन शब्दांत, आणि करून कुणी दाखवत नाही.

हे नाव अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांच्यावरून पडलं. त्यांनी १९४८ साली ही पद्धत मांडली, तेव्हा योनीत ठेवून दाब मोजणारं एक उपकरणही त्यांनी तयार केलं होतं. आपण आवळतो तेव्हा काटा हलतो का, हे बाईला तिथल्या तिथे दिसायचं. व्यायाम जगभर गेला, काटा मागेच राहिला. त्यामुळे कित्येक जणी महिनोन्महिने भलताच स्नायू आवळत राहतात आणि ‘मला काही गुण आला नाही’ म्हणून सोडून देतात.

आधी ओळख

ओटीपोटाच्या खाली पुढून जे हाड हाताला लागतं, तिथपासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग तिच्यावर विसावलेले असतात. तिच्यातून तीन वाटा बाहेर जातात: लघवीची, योनीची आणि शौचाची. झोळी आवळली की वाटा मिटतात आणि वरचे अवयव थोडे उचलले जातात. सैल सोडली की वाटा मोकळ्या होतात. तिला दोन्ही कामं जमायला हवीत.

बिघाडही त्यामुळे दोन तऱ्हांचा असतो. एक, स्नायू कमजोर. खोकताना, हसताना, जड उचलताना लघवी गळते, गॅस धरता येत नाही, संध्याकाळपर्यंत खाली जडपणा येतो, ‘अंग बाहेर येतंय’ असं वाटतं. दुसरी तऱ्हा म्हणजे स्नायू सतत आवळलेले. लघवीला बसलं तरी धार लवकर सुरू होत नाही किंवा तुटक येते, शौचाला कुंथावं लागतं, शरीरसंबंधात दुखतं किंवा संबंध जमतच नाही, माकडहाडाशी ठणका राहतो. या दुसऱ्या तऱ्हेत आवळण्याचे व्यायाम केले तर दुखणं वाढतं. तुमची लक्षणं इकडची असतील तर आधी खालचा ‘सोडायला शिकणं’ हा भाग वाचा. काही जणींचे स्नायू आवळलेले असतात आणि कमजोरही. मूठ दिवसभर मिटून ठेवली तर ती दमते आणि ऐनवेळी जोर लावता येत नाही, तसं हे. त्यांनीही सुरुवात सोडण्यापासूनच करायची.

स्नायू सापडला का, ते तपासा

लघवी करून या. सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे वाकवा, तळपाय जमिनीला टेकवा, दोन पायांत कमरेइतकं अंतर ठेवा. एक हात पोटावर ठेवून तीन-चार सावकाश श्वास घ्या. श्वास घेताना पोट वर यावं, सोडताना खाली जावं.

आता चारचौघांत बसलेलं असताना गॅस सुटू नये म्हणून जे आवळतो ते आवळा. मागून सुरुवात करा, तो ताण पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि मग सगळं आत-वर ओढून घ्या. श्वास सोडताना हे करणं सोपं जातं. दोन-तीन सेकंद धरा आणि पूर्ण सोडा. सोडल्याचं जाणवलं पाहिजे. जाणवलंच नाही, तर बहुतेक स्नायू आधीच सुटला होता किंवा मुळात आवळला गेला नव्हता.

आपण बरोबर करतोय का, हे हाताने कळतं. चड्डीवरूनच योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेवर बोटं टेकवा. आवळल्यावर ती जागा बोटांपासून दूर, आत जायला हवी. उलट बोटांवर दाब आला, जागा फुगून बाहेर आली, तर तुम्ही आवळत नाही, कुंथताय. ही चूक सगळ्यांत घातक, कारण रोजच्या व्यायामाने गळती आणि जडपणा दोन्ही वाढतात. हात नको असेल तर हातातला आरसा धरून बघा: गुदद्वार आक्रसून आत जाताना दिसतं आणि मधला भाग उचलला जातो. ज्यांना अवघड वाटत नाही त्यांनी हात धुऊन एक बोट दुसऱ्या पेरापर्यंत योनीत घालून आवळावं. बोटाभोवती पकड बसते आणि बोट थोडं आत-वर खेचलं जातं.

कुल्ले आवळले गेले तर अंग किंचित वर उचललं जातं, ते थांबवा. मांड्या एकमेकींकडे येत असतील तर गुडघे थोडे बाहेर टाका. श्वास रोखला जात असेल तर आकडे मोठ्याने मोजा, बोलताना श्वास रोखताच येत नाही. बेंबीखाली हलका ताण जाणवला तर हरकत नाही, तो येतोच. पण अख्खं पोट आत खेचून बरगड्या वर येत असतील तर जोर अर्धा करा.

लघवीची धार मध्येच थांबवून बघायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. स्नायू कोणता ते कळायला आयुष्यात एकदा केलं तर ठीक. रोजचा व्यायाम म्हणून मुळीच नाही. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते आणि उरलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होऊ शकतो.

किती वेळा, किती सेकंद

सगळ्यांना एकच आकडा सांगणं चूक आहे. आधी स्वतःचा आकडा काढा. झोपून पूर्ण जोराने आवळा आणि पकड ढिली पडेपर्यंत सेकंद मोजा. समजा चार सेकंदांत सुटली. तेवढाच वेळ किंवा त्याच्या दुप्पट विश्रांती घ्या आणि पुन्हा आवळा. अशी चार सेकंदांची पकड किती वेळा जमते ते बघा. समजा पाच वेळा जमली, सहाव्या वेळी कुल्ले मदतीला आले. तर तुमचा हप्ता, म्हणजे एका वेळचा व्यायाम, चार सेकंद, पाच वेळा. तिथूनच सुरुवात.

त्यानंतर एक मिनिट थांबा आणि झटपट आवळून झटपट सोडा, असं दहा वेळा. इथेही दोन आवळण्यांच्या मध्ये स्नायू पूर्ण सुटला पाहिजे. घाईत अर्धवट सुटतो आणि शेवटी नुसता थरथरत राहतो.

हे सगळं दिवसातून तीनदा. दर आठवड्याला एखादा सेकंद किंवा एखादी आवृत्ती वाढवा. दहा सेकंद, दहा वेळा हे गाठायचं ठिकाण समजा. सर्वसाधारण नियम असा की एका वेळी निदान ८ आवळणी, दिवसातून ३ वेळा आणि कमीत कमी ३ महिने. पहिला फरक बहुतेकींना सहा-आठ आठवड्यांत जाणवतो. दोन आठवड्यांत काहीच झालं नाही म्हणून सोडू नका. उलट एका दिवसात शंभर वेळा करूनही काही साधत नाही, स्नायू दुखून येतो एवढंच.

झोपून जमलं की बसून, मग उभ्याने, मग चालताना. उभ्याने वरच्या अवयवांचा भार झोळीवर येतो, म्हणून झोपून दहा सेकंद धरणारी बाई उभ्याने चारवर येते. हे बिघडणं नव्हे, आकडा पुन्हा तिथून काढा. आणि गळती उभ्यानेच होते, त्यामुळे झोपूनच व्यायाम करत राहिलं तर शिंकेला त्याचा उपयोग थोडाच.

लक्षात राहण्यासाठी एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून घ्या: सकाळचा चहा उकळताना, दुपारी आडवं झाल्यावर, रात्री दिवा घालवल्यावर. स्कूटरवर सिग्नलला करायचं तर आधी स्नायू नीट हाताशी आलेला हवा.

शिंक, खोकला आणि हंडा

ताकद वाढायला महिने लागतात, पण वेळेवर आवळायची युक्ती त्याआधीच हाताशी येते. पोटात दाब वाढायच्या क्षणभर आधी आवळायचं आणि दाब ओसरेपर्यंत धरायचं. शिंकेच्या आधी नाकात हुळहुळतं, तेवढा वेळ पुरतो. पाठ सरळ, आवळा, शिंका, मग सोडा. सुरुवातीला मुद्दाम खोटं खोकून सराव करा, दिवसातून दहा वेळा. शिंकताना पुढे वाकून पोट दाबू नका.

वजन उचलतानाही हेच. १५ लिटरचा हंडा म्हणजे नुसत्या पाण्याचं १५ किलो, वर भांड्याचं वजन वेगळं. हंड्याच्या अगदी जवळ, पायांत अंतर ठेवून उभ्या राहा. कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाका. कडा पकडल्यावर श्वास घ्या, श्वास सोडायला लागा, आवळा आणि श्वास सुटत असतानाच उठा. बहुतेक जणी नेमक्या याच क्षणी श्वास रोखून ‘हं’ करतात, तो सगळा दाब खाली जातो. शक्य असेल तिथे एका हंड्याऐवजी दोन्ही हातांत दोन लहान कळश्या घ्या, खेप एखादी वाढली तरी चालेल. गॅसचा १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर टाकीसकट तीस किलोच्या आसपास भरतो. तो उचलू नका, कडेवर तिरका करून फिरवत न्या. तोही दुसऱ्या कुणी नेला तर उत्तम.

लागली की धावतच सुटावं लागतं तेव्हा

ही गळती वेगळी. मूत्राशय फार न भरताच कळ येते, आणि दाराला किल्ली लावली किंवा नळाचा आवाज आला की थेंब सुटतात. इथे व्यायामासोबत मूत्राशयालाही वळण लावावं लागतं.

तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता काय आणि किती प्यायलात, किती वाजता लघवी, मापाच्या जुन्या भांड्यात मोजून किती मिली, गळली का, कशाने. एका वेळी ३०० ते ४०० मिली आणि दिवसात सहा-आठ वेळा हे साधारण ठीक. दर वेळी १०० मिली आणि पंधरा खेपा असतील तर मूत्राशयाला अर्ध्यातच बोलावणं पाठवायची सवय लागली आहे. दोन खेपांमधलं अंतर तासाचं असेल तर सव्वा तास करा, जमलं की आठवड्याने दीड. तीन तासांपर्यंत पोचलं की पुरे.

कळ आली की धावायचं नाही. जागच्या जागी थांबा किंवा खुर्चीच्या कडेवर बसा, पाच-सहा वेळा झटपट आवळा, टाचा वर-खाली करा, मनात उलटी उजळणी म्हणा. कळ लाटेसारखी चढून ओसरते. ओसरल्यावर सावकाश चालत जा.

पाणी तोडू नका. घट्ट, पिवळीजर्द लघवी मूत्राशयाला जास्त डिवचते. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर प्या, मात्र चहा-कॉफी मोजून घ्या. कितीतरी बायका ऑफिसात, बाजारात, शेतावर संडासाची सोय नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुंबईत ‘राइट टू पी’ ही चळवळ याच प्रश्नावर उभी राहिली. तो प्रश्न व्यायामाने सुटणार नाही, हे मान्य. आणखी एक: घाण कमोडवर अधांतरी वाकून लघवी केली तर तळाचे स्नायू नीट सुटत नाहीत. बैठकीवर कागद टाकून बसा.

शौच

कुंथणं म्हणजे रोज उलटा व्यायाम. भारतीय संडासात उकिडवं बसलं की मार्ग सरळ होतो, कुंथावं लागत नाही. कमोड असेल तर पायांखाली सात-आठ इंचांचं स्टूल ठेवा, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. कोपरं मांड्यांवर टेकून पुढे झुका, पोट सैल सोडा आणि चहा फुंकतो तसा तोंडाने लांब श्वास सोडा. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा, मोबाइल घेऊन बसून राहू नका. इसबगोल घेत असाल तर सोबत पूर्ण पेलाभर पाणी हवंच, नाहीतर शौच आणखी घट्ट होते.

सोडायला शिकणं

उताणं झोपा, गुडघ्यांखाली जाड उशी घ्या. नाकाने श्वास घ्या, तो पोटातून खाली मांड्यांच्या मध्यापर्यंत उतरतोय असं समजा. श्वास आत जाताना झोळी खाली पसरते, बाहेर पडताना आपोआप परत येते. मुद्दाम काही आवळायचं नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. मग टाचांवर बसून पुढे झुकत कपाळ जमिनीला टेकवायचं बालासन, गुडघे रुंद ठेवून, आणि उताणं झोपून दोन्ही पाय हातांनी धरायचं आनंदबालासन, प्रत्येकी मिनिटभर. दिवसात अधूनमधून स्वतःला विचारा: जबडा आवळलेला आहे का, पोट आत ओढून बसले आहे का? सपाट दिसावं म्हणून पोट कायम आत धरणाऱ्या मुलींचा तळही सुटत नाही.

संबंधांची भीती बसली असेल किंवा पाळीत योनीत घालायचा टॅम्पॉनही जात नसेल तर फिजिओथेरपिस्ट डायलेटर देतात. लहानापासून मोठ्या मापापर्यंतच्या या गुळगुळीत नळ्या असतात. सगळ्यांत लहान, पाण्यात विरघळणाऱ्या जेलसोबत, श्वास सोडताना सावकाश, दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा. दहापैकी तीनच्या वर दुखलं तर मागे या. लहान माप अगदी सहज जायला लागल्याशिवाय पुढचं घ्यायचं नाही. लग्नाला वर्ष होत आलं, घरच्यांनी पाळण्याचा धोशा लावला, म्हणून घाई केली की स्नायू अजून घट्ट होतो. नवऱ्याला एखाद्या भेटीला सोबत घेऊन जा. थेरपिस्टकडून ऐकलेलं त्याला लवकर पटतं.

बाळंतपणानंतर

लघवीची नळी निघाली आणि लघवी आपापली व्हायला लागली की हलकं आवळणं सुरू करता येतं. झोपून, दोन-तीन सेकंद, दुखणार नाही इतपत. टाके असले तरी चालतं, उलट रक्तपुरवठा वाढून सूज उतरायला मदत होते. टाके गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेले असतील तर मात्र फिजिओथेरपिस्टला दाखवूनच. सिझेरियन झालं म्हणून सुटका नाही, नऊ महिने भार या झोळीनेच पेललेला असतो.

पोट बांधायची चाल आपल्याकडे घरोघरी आहे. कमरेला आधार वाटत असेल तर बांधा, पण खालून वर गुंडाळत, आत दोन बोटं सहज जातील इतकं सैल. वरून करकचून आवळलं की दाब खाली उतरतो, आणि खालचे स्नायू तेव्हा सगळ्यांत दुबळे असतात. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका. धावणं-उड्या तीन महिन्यांनंतर, गळती आणि जडपणा नसेल तरच.

टाक्यांची जागा ओढत असेल तर सहा आठवड्यांनंतर, जखम पूर्ण भरल्याची डॉक्टरांनी खात्री केल्यावर, मालिश करा. अंगठ्याला जेल लावून तीन-चार सेंटीमीटर आत घाला, गुदद्वाराच्या दिशेने दाबून अर्धा-एक मिनिट धरा, मग इंग्रजी ‘यू’ काढल्यासारखं दोन्ही बाजूंना फिरवा. पाच मिनिटं पुरतात.

अंग बाहेर येत असेल

गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकलेली पण बाहेर आलेली नसेल तर व्यायामाने जडपणा कमी होतो. दुपारी कमरेखाली दोन उशा घेऊन पंधरा मिनिटं झोपा आणि आवळण्याचा एक हप्ता त्याच स्थितीत करा, भार उतरलेला असल्याने स्नायूला सोपं जातं. कपालभाती तूर्त बंद, कारण प्रत्येक झटक्याला दाब खाली बसतो. तळाचे स्नायू आवळायच्या योगातल्या क्रिया, अश्विनी मुद्रा आणि मूलबंध, येत असतील तर पाया तयार आहे. फक्त अश्विनी मुद्रेत ओढ मागेच राहते, ती पुढे आणायची, आणि श्वास रोखायचा नाही. गोळा कायम बाहेरच राहत असेल तर नुसत्या व्यायामाने तो आत जाणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ आधाराची रिंग बसवू शकतात किंवा ऑपरेशनचा सल्ला देतात.

थेरपिस्टकडे काय होतं

फोनवरच विचारा: ‘तुम्ही आतून तपासून स्नायूची ताकद मोजता का?’ मोजत असतील तर योग्य ठिकाणी आहात. हातमोजा घालून एका बोटाने तपासतात आणि ० ते ५ असा आकडा देतात. ० म्हणजे काहीच हालचाल नाही, ३ म्हणजे पकड आणि उचल दोन्ही आहेत. तुमच्या होकाराशिवाय तपासणी होत नाही, मध्येच थांबवता येते, सोबत बाईमाणूस ठेवता येतं. कधी संबंध न आलेल्या मुलींची आतून तपासणी करायची गरज नसते. पोटावरून सोनोग्राफीने किंवा स्नायूचं आवळणं टिपणाऱ्या पट्ट्या बाहेरून लावून काम भागतं.

हलका विजेचा प्रवाह देऊन स्नायू आवळवणारं मशीन मुख्यतः ० किंवा १ आकडा असलेल्यांसाठी. गरोदरपणात आणि पेसमेकर असताना ते चालत नाही. आकडा ३ असताना कुणी मशीनच्या वीस बैठकांचं पॅकेज पुढे करत असेल तर आमचं मत, पैसे वाचवा. मशीनने आवळलेला स्नायू हंडा उचलताना आपणहून आवळत नाही, ते शिकावंच लागतं.

लघवीतून रक्त, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत रक्तस्राव, ताप आणि जळजळ, किंवा बाळंतपणानंतर रात्रंदिवस सतत ठिबकणं, यात व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर. लघवी अचानक अडली, किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येऊन पायांतली ताकद गेली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

तीन महिन्यांनी वही पुन्हा तीन दिवस भरा आणि जुन्या पानाशेजारी ठेवा. गळतीच्या नोंदी निम्म्यावर आल्या नसतील तर स्नायू बरोबर आवळला जातोय का ते तपासून घ्या. गुण आला असेल तर यापुढे दिवसातून एकदा पुरे. पावसाळ्यात खोकल्याची साथ आली आणि गळती पुन्हा डोकावली, तर चार आठवडे परत तीन वेळांवर या.